आठवीला हायस्कुलात चाललोय की सैन्यात?

कळव्याची_आई

परवा इथे 'ध्येयवेडा' यांनी 'हायस्कूलमध्ये पाऊल टाकण्यापूर्वी' अशा 21 सूचना टाकल्या. ज्यांच्या नजरेतून सुटल्या त्यांच्यासाठी थोडक्यात: मुलाला पहाटे साडेचारला उठवा. टीव्ही तीन वर्षं बंद. आठवीचं निम्मं गणित मे महिन्यात संपवा. क्लास सातवीच्या दिवाळीतच ठरवा. मित्र 'गुणवत्ता पाहून' निवडायला शिकवा. आणि एकविसावी, शक्य असल्यास आईने तीन वर्षं नोकरीतून रजा घ्यावी. बापाने काय घ्यावं ते लिहिलेलं नाही. शेवटी जोडलेले हात आणि एक रॉकेट.

माझी मुलगी सातवीपर्यंत घरापासून चार मिनिटांवरच्या मराठी शाळेत होती. ती शाळा सातवीलाच संपते. सोमवारपासून ठाण्यात, आठवी सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. त्या सूचना वाचून ती मला म्हणाली, "आई, मला आधीच उशीर झालाय का?" म्हणून हे लिहितेय.

मे महिन्यात आम्ही काय केलं? कळवा ते ठाणे लोकलने जायला शिकलो. एकच स्टेशन, पण सकाळच्या गर्दीत ठाण्याला उतरणं म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. दोनदा बरोबर गेले. तिसऱ्यांदा तिला लेडीजच्या पुढच्या डब्यात चढवलं आणि मी मधल्या डब्यात. ती ठाण्याला व्यवस्थित उतरली. मला उतरता आलं नाही, मी मुलुंडला पोचले.

दुसरं, एक वही केली. परिमेय म्हणजे रॅशनल, छेदिका म्हणजे ट्रान्सव्हर्सल, शिरोलंब म्हणजे ऑल्टिट्यूड, मध्यगा म्हणजे मीडियन. आठवीच्या गणिताचे पहिले चार धडे, फक्त शब्द. गणित तिला येत होतं हो, गणिताचं नाव येत नव्हतं. पहिल्या महिन्यात वर्गात गप्प बसणाऱ्या सेमीच्या मुलांपैकी किती जणांची अडचण एवढीच असते?

आणि शाळेची पालकसभा. दीड तास. त्यातला सव्वा तास दहावीचा निकाल, टक्के, फलकावरचे फोटो. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, हे मी विचारलं तर मागच्या रांगेत हसले. माझ्या बहिणीची मुलगी आठवी ते दहावी शाळेत पाणी प्यायली नाही, जावं लागेल म्हणून. तीन वर्षं! 21 सूचनांत एक तरी याबद्दल हवी होती.

ध्येयवेडा

ताई, उपहास करणं सोपं असतं. मी 12 वर्षं नौपाड्यात गणित शिकवतोय. दर जूनला आठवीत आलेली मुलं माझ्यासमोर बसतात आणि एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश लिहितात. एक-दोन नाही, वर्गातली निम्मी. यांना शब्दांची वही देऊन काय होणार? सातवीपर्यंत ढकलत आणलेली मुलं आहेत ही. आणि आता आठवीलाही ढकलगाडी नाही, 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालात तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. किती पालकांना माहीत आहे?

साडेचारचं म्हणाल तर सकाळची शाळा सातला भरते. घोडबंदरहून स्टेशनपर्यंत यायला किती लागतात ते कासारवडवलीत राहून बघा.

एकविसावी सूचना माझ्या स्वतःच्या आईवरून लिहिली होती. तिने रजा घेतली म्हणून मी आज उभा आहे. ज्यांना खटकली त्यांनी सोडून द्यावी.

चेंदणीकर

सातची शाळा का, हे कोणीच विचारत नाही. फेब्रुवारी 2024 ला शासनाने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, बालकांची झोप होत नाही. उत्तम. पण इमारत एकच, वर्गखोल्या तेवढ्याच. बऱ्याच शाळांनी काय केलं? लहानांना दुपारी ढकललं आणि मोठ्यांना पहाटे. म्हणजे झोप फक्त दहा वर्षांपर्यंतच लागते. माझा नातू आठवीत गेला आणि तेव्हापासून घरात सहाला कुकरची शिट्टी वाजते.

शुभदा_नौपाडा

मूळ मुद्दा राहूनच जातोय. आठवीला खरा निर्णय एकच असतो: संपूर्ण संस्कृत, संयुक्त (अर्धं संस्कृत, अर्धं हिंदी) की नुसतं हिंदी? तो शाळा पहिल्या आठवड्यात फॉर्मवर घेते आणि मग दहावीपर्यंत बदलत नाही. पालक शेजारणीला विचारून भरतात. माझं स्पष्ट मत, संपूर्ण संस्कृत घ्या. 'आमोद', म्हणजे त्याचं पुस्तक, नीट केलं की दहावीला शंभरपैकी 95 च्या खाली येत नाही. आणि आपल्याकडे सहा विषयांतले उत्तम पाच धरतात, म्हणजे एखादा विषय घसरला तरी संस्कृत सावरून घेतं.

थेट_बोल

म्हणजे संस्कृत शिकायचं ते मार्कांसाठी. कालिदास ऐकत असेल तर वर कपाळावर हात मारत असेल. मी संपूर्ण संस्कृत घेऊन दहावीला 97 मिळवले. आज मला 'देवः देवौ देवाः' च्या पुढे काही येत नाही. भाषांतरं पाठ, सुभाषितं पाठ, मौखिक परीक्षेचे संवाद पाठ. हिंदी घेतलं असतं तर निदान ऑफिसात दिल्लीच्या बॉसशी भांडता आलं असतं.

शुभदा_नौपाडा

तुम्हाला येत नाही यात संस्कृतचा दोष काय? पाठ करणाऱ्याने सगळंच पाठ केलं असणार, भूगोलसुद्धा.

घणसोलीचा_बाप

हिंदी हा शब्द दिसला म्हणून लिहितो. पहिलीपासून हिंदीचा जीआर 29 जून 2025 ला मागे घ्यायला लागला तेव्हा याच मंडळींनी पेढे वाटले होते. आता पोरगं आठवीत गेलं की म्हणणार हिंदी घे, बॉसशी भांडता येईल. एक काय ते ठरवा.

थेट_बोल

साहेब, पहिलीला सक्ती आणि आठवीला निवड यातला फरक कळत नसेल तर आठवीची पुनर्परीक्षा आपणच द्या.

घणसोलीचा_बाप

वैयक्तिक होऊ नका. आमच्या पोराच्या शाळेत निवड वगैरे काही नव्हतं. संस्कृतच्या बाई निवृत्त झाल्या, जागा भरली नाही, म्हणून सगळा वर्ग हिंदी. शेजारच्या तुकडीला संयुक्त, कारण तिथल्या मराठीच्या बाईंना थोडं संस्कृत येतं. याला निवड म्हणतात?

वाशीची_मावशी

मी 26 वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. दोघांनाही सांगते. संयुक्तचं 'आनंद' 50 गुणांचं असतं, त्याबरोबर 50 चं हिंदी, म्हणजे एकाच वेळी दोन भाषांचं व्याकरण. ज्या मुलाला पाठांतर आवडत नाही, ते तिथे दोन्हीकडून मार खातं. ज्याला आवडतं त्याने संपूर्ण घ्यावं. ज्याला दोन्ही नको त्याने हिंदी घेऊन सुखात राहावं, जगात काही बिघडत नाही. पण माझ्या वर्गात दरवर्षी दहा-बारा मुलं फक्त आईच्या टक्क्यांच्या हिशोबापायी बसायची. डोळ्यांत झोप. त्यांना शिकवताना मलाच शिक्षा झाल्यासारखं वाटायचं. फॉर्म भरण्यापूर्वी मुलाला एकदा विचारा, एवढंच.

शुभदा_नौपाडा

विचारलं तर मुलं 'मोबाईल' हा विषय निवडतील. पण ठीक आहे, तुमचा अनुभव मोठा आहे.

मानपाड्याची_रेखा

तुमचं आमोद-आनंद चालू द्या. मी कालपासून वाचतेय, फीबद्दल कोणी एक शब्द लिहीत नाही.

माझा मुलगा पहिलीला आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर लागला. घोडबंदरची इंग्रजी शाळा. लॉटरीत नंबर लागला तेव्हा चाळीत पेढे वाटले. आठवीपर्यंत फी नाही. एप्रिलमध्ये शाळेने बोलावलं. नववीपासून कायदा लागू नाही, वर्षाचे 72 हजार भरा नाहीतर दाखला घेऊन जा. मॅडम वाईट बोलल्या नाहीत. हसतच बोलल्या. नवरा रिक्षा चालवतो, 72 हजार म्हणजे काय ते हिशोब करा.

तयारी कशाची करायची मी? पोराला साडेचारला उठवू का? तो स्वतःच उठतो, रात्री झोपतच नाही. म्हणतो, मित्र तिथेच राहणार, मी काय केलं?

ध्येयवेडा

यावर माझ्याकडे सूचना नाही, खरंच. 2009 चा कायदा चौदाव्या वर्षावर थांबतो, शाळा मात्र थांबत नाही. पण ताई, हे तुम्हाला पहिलीला लागतानाच माहीत असणार. आठ वर्षं होती.

मानपाड्याची_रेखा

हो, माहीत होतं. आठ वर्षांत रिक्षाचं विमान होईल असं वाटलं होतं.

चेंदणीकर

ध्येयवेडा, हे बोलायला नको होतं.

ऐरोलीकर_अमोल

रेखाताई, एनएमएमएसची, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायला बसवलं होतं का त्याला आठवीत? पास झालं की नववी ते बारावी वर्षाला 12,000 मिळतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे, तुम्ही नक्की बसता.

मानपाड्याची_रेखा

विचारलं होतं. ती सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेच्या मुलांनाच. आमची शाळा विनाअनुदानित. म्हणजे फी भरायला आम्ही गरीब आणि शिष्यवृत्तीला आम्ही श्रीमंत.

ऐरोलीकर_अमोल

हे मला माहीत नव्हतं. चुकलं.

कळव्याची_आई

रेखाताई, मी हसतखेळत धागा काढला आणि तुम्ही हे लिहिलंत, लाज वाटली. अनुदानित शाळेत नववीला जागा मिळते का बघितलंत? आमच्या शाळेत फी अगदी किरकोळ आहे.

मानपाड्याची_रेखा

तीन शाळांत गेले. दोन मराठी माध्यमाच्या, तो आठ वर्षं इंग्रजीत शिकलाय, इतिहास मराठीत कसा लिहिणार? तुमच्या मुलीची वही उलटी करून द्या मला. मध्यगा म्हणजे मीडियन नाही, मीडियन म्हणजे मध्यगा. तिसऱ्या शाळेत इंग्रजी तुकडी आहे, त्यांच्याच आठवीची मुलं चढली की वर्ग भरतो. नाव लिहून घेतलंय. 'कोणी दाखला काढला तर कळवू.'

ध्येयवेडा

रेखाताई, कालचं माझं वाक्य मागे घेतो. नववीचं गणित भाग 1 आणि 2, दोन्ही माध्यमांची पुस्तकं माझ्याकडे आहेत. मुलाला पाठवा, कोणती शाळा मिळते ते ठरेपर्यंत. फीचं बोलू नका. (आणि कळव्याच्या ताईंनी याला रॉकेट लावू नये.)

कळव्याची_आई

नाही लावत. जोडलेले हात लावते. वही रेखाताईंना उलटी करून देईन, मुलगी आजच बसली आहे त्याला. तुमच्या अपूर्णांकांचंही कबूल करते, मी काल तिला एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश घातलं. बरोबर आलं, पण बोटांवर काहीतरी मोजत होती.

साडेचार मात्र मान्य नाही.

ध्येयवेडा

पाच करा.

निवृत्त_लिपिक

सगळ्यांचं वाचलं. मी माध्यमिक शाळेच्या कार्यालयात 31 वर्षं होतो. तुम्ही गणित, संस्कृत, झोप सगळं बोललात, आठवीत येणाऱ्या मुलाच्या हातात असतो तो कागद कोणी उघडून बघितला नाही. शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जे नाव, तेच नव्या शाळेच्या जनरल रजिस्टरला. रजिस्टरला जे, तेच दहावीच्या प्रमाणपत्रावर. जन्मतारीख, आडनाव, आईचं नाव, इंग्रजी स्पेलिंग, जातीचा उल्लेख. शाळेत असेपर्यंत दुरुस्तीचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, त्रास आहे पण होतं. दहावी झाल्यावर वाशीला मंडळाच्या कार्यालयात रांगेत उभे राहिलेले पालक मी पाहिलेत. एकाच्या आईचं नाव 'सुनीता' ऐवजी 'सुनीत' पडलं होतं, पोरगा बारावीत गेला तरी फायली फिरतच होत्या. रेखाताई, तुम्हीही दाखला काढाल तेव्हा काउंटरवरच वाचा. घरी जाऊन नाही.

घणसोलीचा_बाप

आमच्या पोराचं आडनाव 'पाटिल' पडलंय, दुसरी वेलांटी नाही. चालतं का?

निवृत्त_लिपिक

मराठीत एकवेळ चालेल. इंग्रजीत आणि आधारवर एकच आहे का ते बघा. आज बघा, निकालाच्या दिवशी नको.

शुभदा_नौपाडा

वेलांटीसुद्धा संस्कृत घेतलं असतं तर...

थेट_बोल

नका हो.

कळव्याची_आई

आत्ता दाखला काढून बघितला. माझं नाव बरोबर आहे. मुलीचा जन्म 2013 चा, दाखल्यावर अंकात 2013 आणि अक्षरात 'दोन हजार तीन'. एप्रिलपासून कपाटात आहे, तिघांनी वाचलाय. जुनी शाळा सकाळी साडेदहाला उघडते, मी अर्धी रजा टाकलीय. एकविसाव्या सूचनेसाठी नाही.