मदत हवी आहे: गॅरेजसाठी ड्रॉवरवालं टूल कॅबिनेट घ्यायचंय, पण पुराच्या वेळी दोघांना वर नेता आलं पाहिजे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत गावभागात राहतो. घर दोन मजली, खाली शटरचं पार्किंग आहे दहा बाय सोळाचं, त्यात जुनी चेतक, एक अल्टो आणि माझं सगळं सामान. गाड्यांची सर्व्हिस, बोअरची मोटर, मिक्सर, गल्लीतल्या पोरांच्या सायकली, जे जमेल ते घरीच करतो, वीसेक वर्षं झाली. हत्यारं जमत जमत आता पत्र्याची एक ट्रंक, दोन पाच कप्प्यांच्या पेट्या, रंगाचे रिकामे चार डबे आणि एक पोतं एवढं झालंय आणि नुसता १२-१३ चा पाना पाहिजे असला तरी सगळं उपसावं लागतं. म्हणून आता एकदाच काय ते चाकाचं, सहा-सात ड्रॉवरचं कॅबिनेट घ्यायचं ठरवलंय. बजेट १५ हजार, खरंच चांगलं मिळालं तर १८ पर्यंत जाईन, त्याच्या पुढे नाही.

आता मुख्य अडचण सांगतो, कारण ही सांगितल्याशिवाय सल्ला नीट मिळणार नाही. आमच्याकडे पाणी येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती (४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आकडे इथं लहान पोरांनाही पाठ आहेत). त्या रात्री आम्ही धान्य, गाद्या, टीव्ही, देव, सिलेंडर सगळं वर नेलं, गाड्या विश्रामबागला पाहुण्यांच्या दारात लावून आलो, पण ट्रंक काही मला आणि बायकोला मिळून जागची हलली नाही. शेवटी राहू दे म्हणालो, लोखंडच आहे, काय होतंय. पाणी उतरल्यावर उघडली तर आत वीतभर गाळ. पाने, सॉकेट सगळे धुऊन, डिझेलमध्ये भिजवून, वायर ब्रश मारून बऱ्यापैकी वाचले कारण ते क्रोम व्हॅनेडियमचे होते, कानशी मात्र सगळ्या गेल्या, ड्रिलचे बिट गेले, ग्राइंडरची बेअरिंग जाम झाली आणि सासऱ्यांनी दिलेला व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) गेला. ते टर्नर होते, आयुष्यभर वापरलेला व्हर्नियर त्यांनी मला हातात दिला होता. तो आता सरकत नाही, पण टाकवत पण नाही.

२०२१ च्या जुलैला शहाणा झालो होतो, कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली तसं लगेच ट्रंक रिकामी करायला घेतली. पण सुटं सामान पोत्यात भरून जिन्यानं वर न्यायला आम्हाला चार तास गेले, लाईट नाही, पाऊस, पोरगी टॉर्च धरून उभी. हत्यारं वाचली पण सगळी एकमेकांत मिसळली, ती लावायला मला दिवाळी उजाडली.

तर मला कॅबिनेट असं पाहिजे की रोज खाली वापरता येईल आणि पाणी वाढायला लागलं की तासाभरात दोन माणसांना वर नेता येईल. आमचा जिना अडीच फुटी आहे आणि मध्ये वळण आहे.

आतापर्यंत काय बघितलं ते सांगतो. गणपती पेठेत दोन-तीन दुकानं फिरलो, तिथं पाच कप्प्यांच्या पत्र्याच्या पेट्या आणि प्लॅस्टिकचे बॉक्स भरपूर आहेत, पण तसल्या दोन माझ्याकडे आहेतच, भरली की कडी हातात राहील असं वाटतं आणि तळातलं काढायला वरचं सगळं पसरायला लागतं. ऑनलाईन सात ड्रॉवरचे रोलर कॅबिनेट दिसायला झकास आहेत, पण बरे म्हणावे असे माझ्या बजेटच्या बाहेर आणि बजेटमधल्यांचा पत्रा किती जाडीचा ते कुठंच लिहिलेलं नसतं. एक मागवला होता. ड्रॉवर अर्ध्यापर्यंतच बाहेर यायचा आणि सॉकेट सेट ठेवला की तळ खाली फुगायचा, परत पाठवला. तिसरा मार्ग म्हणजे कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेणं. एकाशी बोलून आलोय, तो म्हणाला माप आणा, देतो करून. पण माप काय द्यायचं, पत्रा कितीचा सांगायचा, ड्रॉवर सरकायचा चॅनेल कुठला, यात माझा अनुभव शून्य.

कुणी असं बनवून घेतलंय का? का तयारच घेऊ? जरा सविस्तर सांगा.

प्रतिसाद

दादा, मी मिरजेचा, माझं स्वतःचं फॅब्रिकेशन आहे, ऑफिसची कपाटं, लॉकर, शाळेचे बेंच करतो. तुम्ही आख्खं कॅबिनेट उचलायचा विचार करताय तिथंच गाडी अडकली बघा. साधा हिशोब करा. लोखंडी पत्रा १ एमएम जाडीचा असला की एका चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. तुमचं कॅबिनेट समजा २७ इंच रुंद, १८ खोल, ३६ उंच, सहा ड्रॉवर, तर बॉडी आणि ड्रॉवर मिळून साडेपाच चौरस मीटर पत्रा सहज लागतो, म्हणजे ४३ किलो नुसता पत्रा, वर चॅनेल, चाकं, खालची फ्रेम धरली की रिकामंच पंचावन्न-साठला जातंय. त्यात हत्यारं. ते वळणाच्या जिन्यावरनं दोघांना न्हेता येणार नाही आणि न्ह्यायचा नाद करू पण नका, पाय मोडून घ्याल.

उलटं करायचं. कॅबिनेट खालीच राहू द्या, ड्रॉवर तेवढे वर न्ह्या. किचन ट्रॉलीला आपण जे ४५ एमएमचं बॉल बेअरिंगचं टेलिस्कोपिक चॅनेल लावतो ना, त्याला आत काळी प्लॅस्टिकची पट्टी असते. ड्रॉवर पूर्ण ओढायचा, एका बाजूची पट्टी वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबायची, ड्रॉवर सुटून हातात येतो. तसल्या चॅनेलचे सहा जोड लावा, १८ इंची. एका जोडीला ३५ किलोच्या आसपास वजन चालतं, पण तुम्ही एका ड्रॉवरमध्ये पंधरा किलोच्या वर भरूच नका म्हणजे एकट्याला उचलता येईल. दोन्ही बाजूला हात घालायला पत्र्यात खाच मारून घ्या आणि तिची कड आत मुडपायला सांगा, नाहीतर बोटं कापतील. सहा फेऱ्या झाल्या की काम संपलं, आणि सामान मिसळायचा प्रश्नच नाही, लावलेलं तसंच वर जातंय.

पत्रा सीआरसीए म्हणजे थंड लाटलेला गुळगुळीत असतो तोच घ्या. बॉडी १८ गेज म्हणजे १.२ एमएम, ड्रॉवर २० गेज म्हणजे ०.९. बाजारातल्या स्वस्त कॅबिनेटला २२-२४ गेज असतो, गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ, म्हणून तुमचा तळ फुगला. ड्रॉवरच्या तळाला खालून मधोमध एक पट्टी वेल्ड करून घ्या म्हणजे तो प्रश्नच मिटला.

प्रतिसाद

मी साताऱ्याचा, आमच्याकडे पूर नाही पण पावसाळ्यात चार महिने भिंती ओल्या असतात, त्यामुळे गंजाबद्दल मी बोलू शकतो. वरच्या भावांनी ड्रॉवरचं सांगितलं ते एकदम बरोबर. माझी भर एवढीच की पावडर कोटिंग (पावडरचा भट्टीत भाजलेला रंग) करताना नुसता पत्रा पुसून रंग मारला तर दोन पावसाळ्यात फोड येतात. आधी तेल काढणं, गंज काढणं, मग फॉस्फेटिंग (रंग धरायला आणि गंज रोखायला पत्र्यावर द्यायचा रासायनिक थर), धुणं, वाळवणं आणि मग पावडर, हे करतात का ते विचारा, सेवन टँक म्हणतात त्याला. आणि सगळं वेल्डिंग, सगळी भोकं कोटिंगच्या आधी. माझ्या कॅबिनेटला नंतर कडीसाठी भोक मारलं होतं, गंज तिथूनच सुरू झाला.

ड्रॉवरमध्ये रबर मॅट टाकू नका, खाली ओल धरून बसते. मी ईव्हीए फोमची शीट कापून टाकलीय, महिन्यातून एकदा उचलून पुसतो. कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि कानशी, टॅप-डाय (आटे पाडायची हत्यारं), व्हर्नियर असल्या वस्तू तेलाचं फडकं गुंडाळून.

प्रतिसाद

एक शंका. असं कॅबिनेट उलटतं. माझ्या मित्राच्या गॅरेजमध्ये वरचे तीन ड्रॉवर एकदम उघडे राहिले आणि कॅबिनेट पुढं आलं, नशीब समोर कुणी नव्हतं. कंपनीच्या चांगल्या कॅबिनेटला एका वेळी एकच ड्रॉवर उघडेल असं इंटरलॉक असतं, ते लोकल माणूस बनवून देईल का? घरात पोरं असतील तर याचा विचार करा.

प्रतिसाद (मिरज)

इंटरलॉक आमच्याकडनं नीट होत नाही, खरं सांगतो, उगाच हो म्हणणार नाही. त्याला उपाय दोन. जड सामान कायम तळाच्या दोन ड्रॉवरमध्ये ठेवायचं आणि जिथं कॅबिनेट रोज उभं असतं तिथं भिंतीत आयबोल्ट म्हणजे गोल डोळ्याचा बोल्ट मारून मागनं साखळीचा हुक अडकवायचा, हलवायचं असलं की हुक काढायचा. कुलपाला ड्रॉवर-ड्रॉवरला लॉक लावत बसू नका, पुढून एकच उभी पट्टी, वरती बिजागरी, खाली कुलूप. पोरं असली की पट्टी लावूनच ठेवायची.

अजून एक सांगायचं राहिलं. पाणी आलं तर बॉडी धुऊन निघेल पण चॅनेलच्या गोळ्यांमध्ये गाळ बसला की ते गेलंच समजा, कितीबी तेल सोडा करकर जात नाही. म्हणून चॅनेल बॉडीला वेल्ड करू देऊ नका, स्क्रूवरच बसवा. ४५ एमएम १८ इंची चॅनेल सांगली-मिरजेत कुठल्याबी प्लायवूडच्या दुकानात मिळतंय, पुरानंतर अर्ध्या दिवसात सहा जोड बदलून मोकळे. तयार कॅबिनेटचं चॅनेल गेलं तर ते कुठं शोधणार तुम्ही?

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. खरं सांगतो, ड्रॉवर काढून न्यायचं हे मला सुचलंच नव्हतं, मी आपलं दोन भागांचं कॅबिनेट, कड्या, बांबू घालून उचलायचं असलंच काहीतरी कागदावर काढत बसलो होतो. काल किचन ट्रॉलीचा ड्रॉवर तसा काढून बघितला, निघाला. बायको म्हणाली हे तर मी दर दिवाळीला साफ करताना काढते, मला विचारायचं ना.

मग काट्यावर सामान मोजलं. पाने आणि रिंग पाने मिळून ११ किलो, सॉकेटचे दोन सेट १३, हातोड्या, छिन्न्या आणि पाईप पाने १४, पक्कडी, पेचकस, एलन की सगळं मिळून ८, ड्रिल आणि ग्राइंडर ९, बाकी बारीकसारीक आणि मोजमापाचं ६. म्हणजे ६१ किलो, सहा ड्रॉवर, एकही पंधराच्या वर नाही. मोजमापाचा ड्रॉवर सगळ्यात वर, त्यात सासऱ्यांचा व्हर्नियर पण ठेवणार आहे.

कुपवाडच्या माणसाला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं, १८ आणि २० गेज, स्क्रूवर चॅनेल, खाचा, तळपट्टी, पुढची पट्टी, कोटिंग तो बाहेरून सेवन टँकवाल्याकडून करून आणतो म्हणाला. सगळं धरून साडेसोळा हजार सांगितलेत, थोडे कमी होतील असं वाटतं.

आता राहिली फक्त चाकं. पार्किंगला जुनी शहाबादी फरशी आहे, सांधे उघडे पडलेत, काही ठिकाणी बोटभर. तो ३ इंची चाकं लावतो म्हणतोय, मला ती सांध्यात अडकतील असं वाटतं. ५ इंची पीयूची (पॉलियुरेथेनची) घेतली तर कॅबिनेटची उंची वाढते आणि मग वरचा ड्रॉवर माझ्या छातीला येतो, तिथून भरलेला ड्रॉवर उचलून काढणं अवघड. चाकं मोठी ठेवून बॉडीची उंची ३२ वर आणू का, का आधी फरशीचे सांधे सिमेंटनं भरून घेऊ? पुढचे दोन फिरते ब्रेकवाले आणि मागचे दोन फिक्स असं सांगितलंय, ते बरोबर आहे ना? रविवारी सकाळी माप घेऊन जातोय, त्याच्या आधी कुणी सांगितलं तर लई उपकार होतील.