मदत हवी आहे: मुलं व्हॉट्सॲपवर इंग्रजी बोलत नाहीत, वाचून दाखवतात

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. नववीत ३१ मुलं. ४० मिनिटांच्या तासात एकेकाच्या वाट्याला धड दीड मिनिटही येत नाही. म्हणून जूनमध्ये व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. रोज एक प्रश्न, उत्तर व्हॉइस नोटमध्ये, ४० सेकंदांच्या आत.

सुरुवातीला भारी वाटलं. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीही नोट पाठवायला लागल्या. महिन्याभरात कळलं की हे सगळं लिहून काढलेलं आहे. मागे वहीचं पान उलटल्याचा आवाज येतो! चुकलं की पुसायचं, परत रेकॉर्ड करायचं. एकीने सांगितलं, "टीचर, अकरा वेळा केलं ओ." नोटमधली वाक्यं चोख, पण दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की सगळे खाली बघतात.

आणि हीच मुलं बसमध्ये कंडक्टरशी मोडकंतोडकं कन्नड बिनधास्त बोलतात. व्याकरणाचा पार चुराडा, पण तिकीट आणि सुटे पैसे बरोबर घेतात. तिथे ही भीड कुठे जाते, कुणास ठाऊक.

कॉल करा असं कृपया सुचवू नका. बहुतेक घरांत फोन एकच, तोही वडिलांचा. बरेचजण बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला, घरी यायला साडेआठ होतात. जांबोटीकडच्या वाड्यांत रेंज धड नसते. व्हॉइस नोट निदान रेंज आली की आपोआप जाते.

दुसरं दुखणं चुका सांगण्याचं. एकाने 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी एकसारखंच म्हटलं (आपण मराठीतही ऱ्हस्व-दीर्घ लिहितो, बोलताना कोण पाळतं?), मी ग्रुपवरच दुरुस्त केलं, आणि पोरांनी त्याचं नाव 'मेंढी' ठेवलं. तेव्हापासून त्याची एकही नोट नाही. चूक माझीच.

तर वही कशी सोडवायची? आणि चुका कुठे, किती सांगायच्या?

उत्तर (निपाणीहून):
टीचर, आधी ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. प्रश्न सगळ्यांना जातो, उत्तर एकट्या तुमच्याकडे येतं. फक्त मुलांच्या घरच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह हवा, नाहीतर मेसेज पोचत नाही. एका नोटला एकच चूक सांगा, तीही अर्थ बिघडत असेल तरच.

वहीसाठी जोड्या लावा. पहिल्याने व्हॉइस नोटमध्ये प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने उत्तर देऊन त्यातूनच उलटा प्रश्न टाकायचा. पुढे काय येणार हे माहीत नसेल तर वहीत लिहिणार काय? विषय घरचे ठेवा. काजू, गणपती, म्हशीची धार. 'माय हॉबी' दिलात की गाइडातलंच येणार. आणि अडखळलेली नोट पुसायची नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगा.

धागाकर्ती:
ब्रॉडकास्टचं आजच करते. जोड्याही पटल्या. फोन साडेआठला हातात येतो, त्यामुळे एका रात्रीत दोनच फेऱ्या होतील, पण चालेल. आमच्या 'मेंढी'ची जोडी मात्र कुणाबरोबर लावू? हुशार मुलीबरोबर लावली तर आणखी गप्प होईल असं वाटतंय.