मदत हवी आहे: लॉकपिक ठेवायला घरी केस शिवतोय, टोकं बाहेर येतात

खटपट्या (बुध, २१:४२)
नमस्कार मंडळी. लॉकपिकसाठी (चावीशिवाय कुलूप उघडायच्या बारीक पोलादी पट्ट्या, आम्ही नुसतं पिक म्हणतो) घरच्या घरी केस, म्हणजे कापडी पाकीट, करतोय. तिसऱ्यांदा फसली. पिक कापडातून बाहेर येतात, आज रिक्षात बसताना मांडीत घुसलं. दोन पिकांवर डागही पडलेत. शनिवारी सकाळी पुण्याला निघायचंय, त्याआधी काहीतरी धड हवंय. "विकत घ्या" सांगू नका, कुरियर सोमवारच्या आत येत नाही. कोणी केलीय का?

निवांत_संध्याकाळ (२१:५०)
चावी हरवली का? आमच्या इथे स्टेशनबाहेर एक चावीवाले काका बसतात, पाच मिनिटांत उघडून देतात. उगाच स्वतः खुडबुड करू नका, कुलूप कायमचं बिघडतं.

खटपट्या (२१:५३)
चावी हरवलेली नाही. कुलूपही बंद नाही. छंद आहे माझा. मला केस हवीय, केस.

गंजलेला_पाना (२२:०५)
किती पिक? लांबी किती? कापड कुठलं? खिशात ठेवता की सॅकमध्ये? डाग तांबूस आहेत की काळे? यातलं काहीच लिहिलेलं नाही, आणि शनिवारपर्यंत उत्तर हवंय!

खटपट्या (२२:०९)
९ पिक, ४ टेन्शनर (पिक चालवताना कुलपावर ताण द्यायच्या वाकड्या टोकाच्या पट्ट्या). नेहमीची लांबी. खिशात.

गंजलेला_पाना (२२:११)
नेहमीची म्हणजे? माझ्याकडे १४ सेंटीमीटरचीही आहेत आणि १८ चीही. पट्टी लावा हो.

फणसाचा_गरा (२२:३०)
शिवणकामाच्या भानगडीत पडूच नका. शाळेची पत्र्याची कंपास पेटी घ्या. आत योगा मॅटचा तुकडा कापून बसवा, ब्लेडने चिरा पाडा, एकेका चिरेत एकेक पिक. विषय संपला. माझी सहा वर्षं चाललीय.
फक्त गादीचा पिवळा फोम वापरू नका. आमच्याकडच्या पावसाळ्यात दोन-तीन वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो आणि पिकांना असा बसतो की रॉकेलनेच निघतो.

गंजलेला_पाना (२२:३४)
खिशात म्हणतायत ते. पत्र्याची पेटी खिशात ठेवून रिक्षात बसून बघा.

फणसाचा_गरा (२२:३६)
शर्टाच्या खिशात ठेवा.

गंजलेला_पाना (२२:३७)
१७ सेंटीमीटरचं पिक शर्टाच्या खिशात. धन्य.

कलम_आणि_पोटकलम (२२:५८)
केसचं नंतर बघा. रात्री खिशात घेऊन फिरता का? महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१, कलम १२२ वाचा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन सबळ कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे, आणि कारण सबळ होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. छंद घरात करा, प्रवासात सॅकच्या तळाशी ठेवा. विमानाने जाणार असाल तर केबिनमध्ये नकोच, चेक-इनच्या बॅगेत टाका.

खटपट्या (२३:०३)
शिवनेरीने जातोय. सकाळी सहाची. सॅकमध्ये ठेवीन. सर्वात लांब पिक १७ सेंटीमीटर, मोजलं. मूठ १० ची, १ सेंटीमीटर रुंद. जाडी ०.६ मिलिमीटर.

आरी_आणि_दाभण (२३:२०)
कापडबिपड सोडा, चामड्याची करा. कोल्हापुरीला वापरतात ते चामडं, बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं. एकदा घडी बसली की जन्मभर तशीच राहते. आरीने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा, दोन सुयांनी समोरासमोर टाका. मशीनची शिवण एका जागी तुटली की उसवत जाते, ही जात नाही.

गंजलेला_पाना (२३:२७)
आणि पिक काळी पडतात ते? हिरडा आणि हिराकस मिसळून आपल्याकडे काळी शाई करायचे. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. तुम्ही ओलसर हवेत हिरड्याच्या चामड्यात पोलाद ठेवणार म्हणजे खिशात शाईचा कारखाना काढणार. सुरीसुद्धा चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नये.

आरी_आणि_दाभण (२३:३१)
स्टेनलेसला काही होत नाही.

गंजलेला_पाना (२३:३३)
सगळी पिक स्टेनलेसची नसतात. साध्या स्प्रिंग स्टीलचीही असतात. @खटपट्या, डाग पडलेली दोन कुठली? आणि केस नक्की कशाची आहे ते शेवटी सांगणार का?

खटपट्या (२३:४०)
बाहेरून जीन्स. आत अस्तर म्हणून आईच्या जुन्या पर्सचं चामडं लावलं, मऊ होतं म्हणून. डाग पडलेली दोन मी स्वतः रस्ता झाडायच्या यंत्राच्या ब्रशच्या पात्यांपासून घासून केलेली. बाकीच्यांना काही नाही.

गंजलेला_पाना (२३:४२)
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं ना!! ती पाती साध्या पोलादाचीच, गंजणारच. पर्सचं चामडं बहुतेक क्रोमने कमावलेलं, त्यातले क्षार आणि घामाचा ओलावा. अस्तर काढून फेका. डाग बारीक पॉलिश पेपरने घासा, शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा, पुसा. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी सोबत ठेवा.

फणसाचा_गरा (२३:५०)
कापराची वडी ठेवा. माझे वडील लेथवर होते, त्यांच्या मायक्रोमीटरच्या पेटीत कायम कापूर असायचा. एक डाग नाही.

गंजलेला_पाना (२३:५२)
आणि शिवनेरीत सगळ्यांना वाटणार आरती सुरू झाली.

कुलूपबंद (गुरु, ००:१५)
मुळात आपल्याकडे या नाजूक पिकांचा उपयोग काय? अलिगढची बरीच कुलपं लिव्हरची (आत पिनांऐवजी पट्ट्या), त्यांना ही पत्र्याची फुलं चालत नाहीत, जाड तारेचं वेगळं हत्यार लागतं. दिंडीगुलच्या कुलपांना तर २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. त्यावर कोणी धागा काढत नाही.

खटपट्या (००:१८)
माझ्याकडे पिनचीच आहेत, सरावाची. तुम्ही काढा धागा, मी येतो. आत्ता कोणी केसबद्दल बोलेल का?

शिवणकाकू (०६:३५)
सकाळी उठून सगळं वाचलं. कुलपातलं मला काही कळत नाही, पण स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी, क्रोशाच्या सुयांसाठी अशा गुंडाळ्या मी पन्नासेक शिवल्या असतील. एकच विचारते. टोक खाली ठेवता की वर?

खटपट्या (०६:५१)
खालीच की. मूठ वर राहिली तर उपसायला सोपं.

शिवणकाकू (०७:२०)
तिथेच घोळ आहे हो. बसलात की सगळा भार टोकावर, मग ते शिवण शोधतं आणि बाहेर येतं. अस्तर कितीही लावा. मूठ खाली, टोक वर, आणि वरून झाकण दुमडायचं. टोक नजरेसमोर राहिलं की हवं ते चटकन सापडेलही.

जुन्या जीन्सचा गुडघ्याखालचा पाय उभा कापून सपाट करा. ४३ सेंटीमीटर उंच, २८ रुंद. वरखाली दीड-दीडची दुमड घालून शिवा, ४० उरेल. खालून १० वर घ्या, हे खिसे. त्यांच्या मागे पाठ १९ ची, म्हणजे १७ च्या पिकाला वर दोन सेंटीमीटर मोकळे. राहिलेलं ११ झाकण, ते खिशांच्या तोंडावर एक-दोन सेंटीमीटर चढतं, म्हणून उलटं धरलं तरी काही पडत नाही. आता उभ्या शिवणी: दीड-दीड सेंटीमीटरवर नऊ खिसे. आधी खडूने रेघा मारा, अंदाजाने मारलेली शिवण तिसऱ्या खिशापासून तिरकी पळते. वाकड्या टोकाचे आहेत ना ते चार, त्यांना शेवटी तीन-तीन सेंटीमीटरचे दोन रुंद खिसे, दोन-दोन टाका. उरलेलं कापड गुंडाळायला. खिशाच्या तोंडाशी मशीन दोनदा मागेपुढे करा, आधी तिथेच उसवतं.

वेल्क्रो नको, धागे धरतं. पायजम्याची नाडी नाहीतर टिचबटण.

आरी_आणि_दाभण (०९:०२)
काकूंचं बरोबर. तरी मी चामड्याचीच केली असती.

निवांत_संध्याकाळ (०९:४०)
पण ब्रशची पाती कुठे मिळतात?

खटपट्या (गुरु, २३:१८)
शिवली. सॅकमध्ये उलटी-पालटी करून पाहिली, एकही पिक हललं नाही. आईच्या मशीनची एक सुई मोडली, खिशाच्या कोपऱ्यात चार पदर येतात तिथे. दुसरी लावली, तीही वाकली. शेवटचे दोन कोपरे हाताने शिवले. @निवांत_संध्याकाळ, यंत्र झाडून गेलं की रस्त्याच्या कडेला पडलेली असतात.

शिवणकाकू (शुक्र, ०६:४०)
१४ नंबरची असेल. जीन्सला १६ लावा, आणि चार पदरांवर पाय न मारता चाक हाताने फिरवा.