‘बॅटरसी’ म्हणून विकली जाणारी एनॅमलची डबी घ्यावी का?

डबीवेडी:
नमस्कार. मी बर्मिंगहॅमजवळ राहते आणि तांब्यावर एनॅमलचा काचेसारखा थर चढवलेल्या जुन्या, चिमुकल्या डब्या जमवू लागले आहे. परवा एका विक्रेत्याकडे लंबगोल गुलाबी डबी पाहिली. झाकणावर ‘बाथहून (इंग्लंडमधल्या बाथ शहरातून) छोटीशी भेट’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आहे, आत डागाळलेला आरसा आहे आणि कडेचा एक टवका उडालेला आहे. विक्रेता ती अठराव्या शतकातली ‘बॅटरसी’, म्हणजे लंडनच्या बॅटरसी भागात बनलेली, असल्याचे सांगून त्या नावावर किंमत चढवतो आहे. त्याचे म्हणणे कितपत खरे मानावे?

जुनापुराणा:
नावासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. बॅटरसीच्या यॉर्क हाउसमधला कारखाना 1753 मध्ये सुरू झाला आणि 1756 मध्ये, म्हणजे लंडनचे महापौरपद भूषवलेले त्याचे मालक स्टीफन थिओडोर जॅन्सन दिवाळखोरीत निघाले तेव्हा, बंद पडला. एवढ्या अल्पकाळात बाजारात दिसणाऱ्या या साऱ्या डब्या तिथे घडणे शक्यच नव्हते. आपण वर्णन केलेली डबी अस्सल असेल, तर ती बहुधा अठराव्या शतकाच्या अखेरीची आणि बिल्स्टन किंवा त्याच्या आसपासची, म्हणजे जवळजवळ आपल्या शेजारची असेल. चेहऱ्यावर काळ्या टिकल्या चिकटवण्याची तेव्हा फॅशन होती. त्या ठेवण्यासाठी अशा डब्या असत, म्हणून आत आरसा. मात्र पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने एकोणिसाव्या शतकात या डब्यांच्या हुबेहूब नकला केल्या, हे विसरू नका.

भिंगवाला:
टवक्याला घाबरू नका. उलट तो तपासाला उपयोगी पडतो. एनॅमल म्हणजे धातूवर भाजून बसवलेली काच. थंड होताना तांबे आणि काच सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून पातळ पत्र्याला दोन्ही बाजूंनी एनॅमल देत. टवक्याच्या कडेला भिंग लावले की तांबे, त्यावरचा पांढरा थर आणि वरचा गुलाबी रंग असे थर वेगवेगळे दिसायला हवेत. मला खरी धास्ती वाटते ती एकही टवका नसलेल्या डबीची, कारण पुष्कळदा तिथे नंतर रंग भरून डागडुजी केलेली असते. असा रंग अतिनील दिव्याखाली मूळ एनॅमलपेक्षा वेगळा चमकतो. बिजागरी आणि कडेची धातूची पट्टी मूळची आहे का, हेही पाहा. झाकण आणि तळ दोन निरनिराळ्या डब्यांचे असल्याची उदाहरणे कमी नाहीत.

कपाटभर:
टवक्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. झाकणावरचा मजकूर तुटला असेल तर डबी सोडून द्यावी, टवका कडेला असेल तर घासाघीस करून घ्यावी. तळावर किंवा आत ‘हॅल्सियन डेज’ या कंपनीचे नाव दिसले, तर ती 1970 नंतर या कलेचे पुनरुज्जीवन झाले तेव्हाची. सुंदर असली तरी प्राचीन नव्हे. घेण्यापूर्वी वुल्व्हरहॅम्प्टनच्या कलादालनातील बिल्स्टनच्या डब्या पाहून या. आणि घेतलीत तर पाण्यात बुडवून धुऊ नका, टवक्यातून पाणी आत शिरून तांबे गंजते. मऊ, कोरडा ब्रश पुरेसा आहे.