बिल एव्हान्सला घडवले कोणी? माइल्स डेव्हिसने की इतर साथीदारांनी? (वाचकांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

मंद्रसप्तक

जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सचा विषय निघाला की बहुतेक चर्चा माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीपाशी सुरू होतात आणि तिथेच घुटमळत राहतात. ट्रम्पेटवादक माइल्सने एका अबोल, चष्मा लावणाऱ्या गोऱ्या मुलाला आपल्या संचात घेतले आणि त्यातून एक थोर पियानोवादक जन्माला आला, अशी ही कथा आहे. मला ती पटत नाही. माइल्सकडे एव्हान्स होता तो १९५८ च्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे जेमतेम आठ महिने. एवढ्या काळात वादकाला प्रसिद्धी मिळू शकते. त्याची सांगीतिक विचारपद्धती मात्र त्याआधीच तयार झालेली असावी लागते.

१९२९ साली न्यू जर्सीतल्या प्लेनफील्ड इथे जन्मलेल्या एव्हान्सने १९५० मध्ये लुइझियानातल्या हॅमंड इथल्या महाविद्यालयातून पियानोची पदवी घेतली. त्यानंतर काही काळ तो हर्बी फील्ड्सच्या संचात होता. १९५१ ते १९५४ ही तीन वर्षे शिकागोजवळच्या फोर्ट शेरिडन इथे लष्करी बँडमध्ये गेली आणि तिथे तो बासरीही वाजवत असे. १९५५ मध्ये न्यू यॉर्कला येऊन त्याने मॅनेस महाविद्यालयात संगीतरचनेचे शिक्षण घ्यायला सुरुवात केली आणि पोटापाण्यासाठी लूसी रीड या गायिकेला साथ करणे, जेरी वॉल्डच्या नृत्यसंचात वाजवणे, क्लॅरिनेटवादक टोनी स्कॉटबरोबर कार्यक्रम करणे, अशी मिळतील ती कामे केली.

खरे वळण मला १९५६ मध्ये दिसते. जॉर्ज रसेल या रचनाकाराने आपल्या 'जॅझ वर्कशॉप' या ध्वनिमुद्रणासाठी त्याला बोलावले आणि 'कन्सर्टो फॉर बिली द किड' ही रचना त्याचा सोलो डोळ्यांसमोर ठेवून लिहिली. कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) मागे धावण्याऐवजी स्वरसप्तकाच्या अंगाने विचार करण्याचा जो सिद्धान्त रसेलने १९५३ मध्येच ग्रंथरूपात मांडला होता, तो एव्हान्सच्या बोटांत उतरला तो या सहवासात. पुढे माइल्सकडे त्याची शिफारस करणारादेखील रसेलच होता. माइल्सला मिळाला तो तयार वादक, असे माझे म्हणणे आहे.

काळी चार

आपण दिलेला कालक्रम मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. एव्हान्स १९५६ मध्येच तयार होता, हे तपासायला त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मुद्रित झालेली 'न्यू जॅझ कन्सेप्शन्स' ही त्याची स्वतःच्या नावावरची पहिली तबकडी उपलब्ध आहे. गिटारवादक मंडेल लोवने त्याच्या वादनाची टेप थेट दूरध्वनीवर ऐकवून रिव्हरसाइड कंपनीच्या ऑरिन कीपन्यूजला त्याच्यासाठी राजी केले होते. तबकडी उत्तमच आहे, परंतु तिच्यात दुसरेच पियानोवादक आहेत: बड पॉवेल ऐकू येतो, लेनी ट्रिस्टानो ऐकू येतो, मधूनच होरेस सिल्व्हरही डोकावतो. आपण ज्याला एव्हान्सचा स्वर म्हणतो, म्हणजे ते विरघळत जाणारे कॉर्ड आणि वाक्य संपल्यावरची ती थांबण्याची हिंमत, तो तिथे तुरळकच आहे. भाचीसाठी रचलेला छोटासा 'वॉल्ट्झ फॉर डेबी' एकट्याने वाजवताना तेवढा तो स्पष्ट सापडतो. पहिल्या वर्षी या तबकडीच्या सुमारे 800 प्रतीच खपल्या, ही बाब मी बाजूला ठेवतो, कारण खप हा काही गुणवत्तेचा पुरावा नव्हे.

मला महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे. कीपन्यूज दुसऱ्या तबकडीसाठी मागे लागला असताना, आपल्याकडे नवे सांगण्यासारखे काही नाही, या कारणाने एव्हान्सने दोन वर्षांहून अधिक काळ त्याला नकार दिला. तयार झालेला वादक असे का म्हणेल? नोव्हेंबर १९५८ मध्ये त्याने माइल्सचा संच सोडला आणि डिसेंबरमध्ये बासवादक सॅम जोन्स व ड्रमवादक फिली जो जोन्स यांना घेऊन 'एव्हरीबडी डिग्ज बिल एव्हान्स' मुद्रित केली. तिच्यात 'पीस पीस' आहे: डाव्या हाताला दोनच कॉर्डचा शांत झोका आणि उजव्या हाताला पूर्ण मोकळीक. ही मोकळीक १९५६ मध्ये त्याच्याकडे नव्हती. मधल्या दोन वर्षांत बासवादक मिंगससह अनेकांबरोबर त्याने काम केले हे खरे, पण रोज रात्री माइल्सच्या संचातल्या कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली या सॅक्सोफोनवादकांच्या वादळी सोलोनंतर श्रोत्यांना धरून ठेवायचे, तेही आवाज न चढवता, ही शाळा दुसऱ्या कोणाकडे होती?

मंद्रसप्तक

काळी चार यांस: शाळा होती, परंतु तिथे कोण कोणाला शिकवत होते, हा प्रश्न आपण सोडून दिलात. आपण उल्लेखिलेल्या 'एव्हरीबडी डिग्ज'च्या मुखपृष्ठावरच माइल्सचे निवेदन छापलेले आहे आणि त्यात, आपण बिल एव्हान्सकडून पुष्कळ शिकलो, असे माइल्स स्वच्छ शब्दांत सांगतो. रॅव्हेल आणि रॅखमॅनिनॉफ यांच्या संगीताची जाण एव्हान्सने संचात आणली आणि मायकेलआंजेली या इटालियन पियानोवादकाला ऐकण्याचा सल्लाही त्यानेच दिला, हे माइल्सने आपल्या आत्मचरित्रातही नोंदवले आहे.

'ब्लू इन ग्रीन'चेच पाहा. तबकडीवर रचनाकार म्हणून एकट्या माइल्सचे नाव आहे. एव्हान्सच्या सांगण्यानुसार माइल्सने एका कागदावर फक्त दोन कॉर्ड लिहून, याचे तू काय करशील, असे विचारले आणि बाकी रचना एव्हान्सने घरी जाऊन पूर्ण केली. त्याने श्रेयाची आठवण करून दिली तेव्हा हाती आला तो 25 डॉलरचा धनादेश. हे केवळ त्याच्या शब्दावर मानायचे कारण नाही. डिसेंबर १९५८ मध्ये ट्रम्पेटवादक चेट बेकरच्या तबकडीसाठी त्याने 'अलोन टुगेदर'ची जी सुरावट आरंभी वाजवली, ती ऐकून लगेच 'ब्लू इन ग्रीन'चा आरंभ ऐकावा. ही तबकडी 'काइंड ऑफ ब्लू'च्या दोन महिने आधीची आहे. 'फ्लॅमेन्को स्केचेस'च्या सुरुवातीला तर 'पीस पीस'चाच झोका आहे. एव्हान्स आठ महिन्यांनी संच सोडून गेला होता, त्याच्या जागी विंटन केलीसारखा कसलेला वादक होता, तरीही २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन बैठकींसाठी माइल्सने त्याला मुद्दाम परत बोलावले. असे शिष्याला बोलावत नाहीत.

पडघम

आता दुसऱ्या टोकाची अतिशयोक्ती सुरू झाली आहे, म्हणून लिहितो. अलीकडे 'काइंड ऑफ ब्लू' ही जवळजवळ एव्हान्सचीच तबकडी असल्यासारखे बोलले जाते. त्या तबकडीवरचे टिपण खुद्द एव्हान्सने लिहिलेले आहे. जपानी चित्रकलेच्या दाखल्याने सुरू होणाऱ्या त्या टिपणात तो म्हणतो की या रचनांचे आराखडे माइल्सने मुद्रणाच्या काही तास आधीच मनात योजले होते. 'ब्लू इन ग्रीन'पुरता एव्हान्सचा हक्क मी मान्य करतो. दहा बारचे (ठरावीक मात्रांच्या गटांचे) ते आवर्तन, ज्याचा शेवट पुन्हा आरंभात मिसळतो, त्याच्याच डोक्यातून आलेले वाटते. मात्र 'फ्रेडी फ्रीलोडर'वर पियानो केलीचा आहे, आणि 'सो व्हॉट'चा कणा आहे पॉल चेंबर्सचा बास.

मोडल विचार, म्हणजे कॉर्डऐवजी सप्तकावर आधारलेला विचार, माइल्सकडे एव्हान्समार्फत आला, हा समज कालक्रमातच बसत नाही. 'माइलस्टोन्स' ही माइल्सची पहिली ठळक मोडल रचना १९५८ मध्ये एव्हान्स संचात येण्याआधीच मुद्रित झाली, तेव्हा पियानोवर रेड गार्लंड होता. रसेलचा सिद्धान्तही माइल्सला एव्हान्सच्या आधीपासून ठाऊक होता. म्हणजे दार उघडलेलेच होते आणि एव्हान्स त्यातून आत आला.

या संगीताची सांगड काही जण आपल्या रागसंगीताशी घालू पाहतात, त्यांच्यासाठी जाता जाता एवढेच, की काफीशी स्वर जुळणारे पाश्चात्त्य दोरियन सप्तक हाती आले म्हणून काफी गाता येत नाही. रागाला चलन असते, न्यास असतात, वर्ज्यावर्ज्य असते. 'सो व्हॉट'मध्ये सोळा बारनंतर सगळे सप्तकच अर्धस्वराने वर सरकते, जे आपल्या मैफलीत कोणी खपवून घेणार नाही.

उत्तररात्र

या साथसंगतीची एव्हान्सला काय किंमत मोजावी लागली, हे कोणी लिहिलेले नाही. माइल्सच्या संचात तो एकटाच गोरा होता. ती १९५८ ची अमेरिका होती. कृष्णवर्णीय श्रोत्यांपैकी अनेकांना, इतके उत्तम कृष्णवर्णीय पियानोवादक असताना या जागी हा कशाला, असे वाटे आणि ते उघडपणे बोलूनही दाखवले जाई. माइल्सने स्वतःच हे सांगितले आहे. त्या श्रोत्यांचा राग निराधार होता असे मला म्हणवत नाही, कारण जॅझ निर्माण केले कोणी आणि त्यावर पैसा मिळवला कोणी, याचा इतिहास त्यांच्या रोजच्या अनुभवाचा होता. त्या रागाचा भार मात्र एका मुळातच आत्मविश्वास कमी असलेल्या माणसावर पडला. हेरॉइनचे व्यसन याच काळातले, अखंड प्रवासाचा थकवाही याच काळातला. आठ महिन्यांची ही संगत इतकी फलदायी होती, तर ती आठच महिने का टिकली, याचे उत्तर केवळ संगीतात शोधू नये.

रविवारची मैफल

वरची सर्व चर्चा रसेल आणि माइल्स यांच्यात अडकली आहे. एव्हान्सच्या उमेदवारीच्या काळातले सर्वांत मोठे सहकार्य ज्या माणसाशी झाले त्याचे नावही अजून आलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. तो म्हणजे बासवादक स्कॉट लाफारो.

१९५९ च्या अखेरीस एव्हान्सने स्वतःचा ट्रायो, म्हणजे तिघांचा संच, उभा करायचे ठरवले. न्यू यॉर्कच्या बेसिन स्ट्रीट ईस्ट या क्लबमध्ये बेनी गुडमनच्या जोडीला दुय्यम संच म्हणून वाजवताना वादक येत-जात राहिले, आणि त्या गडबडीतून शेवटी लाफारो व ड्रमवादक पॉल मोशन हे दोघे स्थिरावले. मोशन एव्हान्सचा वॉल्ड आणि स्कॉट यांच्या संचांपासूनचा सोबती आणि पहिल्या तबकडीवरचा ड्रमवादकही तोच. लाफारो त्या वेळी फक्त तेवीस वर्षांचा होता. २८ डिसेंबर १९५९ ला 'पोर्ट्रेट इन जॅझ', २ फेब्रुवारी १९६१ ला 'एक्स्प्लोरेशन्स' आणि २५ जून १९६१ च्या रविवारी व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधल्या पाच बैठकी, एवढाच या तिघांचा मुख्य मुद्रित वारसा आहे. त्यानंतर अकराच दिवसांनी, ६ जुलैला, मोटार अपघातात लाफारो गेला.

बासवादकाने मात्रा धरून चालत राहायचे आणि पियानोने त्यावर इमारत उभी करायची, हा तोवरचा रिवाज होता. लाफारो चालतच नाही. तो पियानोच्या वाक्याला मध्येच अडवतो, उत्तर देतो, वरच्या पट्टीत जाऊन स्वतःचे वाक्य सुरू करतो, आणि लय कोणीही उघडपणे न धरता तिघांच्या मनात चालू राहते. तबलजीने ठेका सोडून गायकाशी बरोबरीने बोलू लागावे आणि तरी सम चुकू नये, तसा हा प्रकार आहे. एव्हान्सने डाव्या हाताच्या कॉर्डमधून मूळ स्वर गाळण्याची जी पद्धत रुजवली, तिचा पुरता अर्थ इथे लागतो, कारण खाली मोकळी ठेवलेली जागा वापरणारा माणूस त्याला भेटला होता. लाफारोच्या मृत्यूनंतर एव्हान्सने अनेक महिने जाहीर वादन जवळजवळ थांबवले. माइल्सला सोडल्यावर तो महिन्याभरात स्टुडिओत होता. कोणत्या साथीने त्याला अधिक घडवले, हे ठरवायला मला एवढा फरक पुरतो.

काळी चार

शोकाच्या कालावधीवरून सांगीतिक ऋण मोजणे मला धोक्याचे वाटते. लाफारोचे मोठेपण मी नाकारत नाही. त्याच काळात तो सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'फ्री जॅझ' या तबकडीवरही होता आणि इतक्या भिन्न ठिकाणी त्याचा हात तितकाच सहज चालत होता. पण व्हॅनगार्डमधल्या त्या रविवारी हे तिघे वाजवत काय होते तेही पाहावे. त्या दिवसाच्या यादीत 'माइलस्टोन्स' आहे, 'सोलर' आहे. 'एक्स्प्लोरेशन्स'वर 'नार्दिस' आहे. ही रचना माइल्सने १९५८ मध्ये कॅननबॉलच्या तबकडीसाठी दिली, त्या मुद्रणात पियानोवर एव्हान्स होता, आणि माइल्सने ती स्वतः कधीच मुद्रित केली नाही. एव्हान्स मात्र ती १९८० मध्ये मरेपर्यंत वाजवत राहिला आणि अखेरच्या वर्षांत तिच्या आरंभी एकट्याने दीर्घ सोलो रचू लागला. आठ महिन्यांची संगत बावीस वर्षे हातात राहते, तेव्हा ती प्रसिद्धीपुरती होती, असे कसे म्हणावे?

मंद्रसप्तक

'सोलर'चा दाखला काढून घ्यावा, ही विनंती. ती चाल गिटारवादक चक वेनची आहे. 'सनी' या नावाने त्याने ती १९४६ मध्येच मुद्रित केली होती. माइल्सच्या थडग्यावर तिचे स्वर कोरलेले आहेत, यातला विनोद मी चक वेनच्या चाहत्यांवर सोपवतो. 'नार्दिस'चे म्हणणे मात्र वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: माइल्सने दिलेली चाल आणि एव्हान्सने तिचे केलेले रूप यांत जे अंतर आहे, ते रसेल आणि मॅनेसमधल्या शिक्षणाने पार केलेले आहे. १९५८ चे कॅननबॉलचे मुद्रण आणि १९६१ चे 'एक्स्प्लोरेशन्स' शेजारी ठेवून ऐकावे.

रविवारची मैफल

शेजारी ठेवून ऐकले. १९६१ च्या मुद्रणात जो फरक पडला आहे, त्यातला निम्मा बासच्या तारांवर आहे आणि तिथे रसेलही नाही, मॅनेसही नाही. काळी चार यांनी व्हॅनगार्डची यादी काढलीच आहे, तर ती पुरी वाचावी. त्या दिवसाच्या मुद्रणांतून पहिली तबकडी निवडायला कीपन्यूज आणि एव्हान्स बसले, तेव्हा लाफारो हयात नव्हता. त्यांनी आरंभी 'ग्लोरियाज स्टेप' ठेवले आणि शेवटी 'जेड व्हिजन्स'. दोन्ही रचना लाफारोच्या आहेत, आणि मुखपृष्ठावर ट्रायोच्या नावाबरोबर त्याचे नाव वेगळे छापलेले आहे. मोशनलाही तो मान मिळाला नाही. 'माइलस्टोन्स' या तबकडीवर घेतलेच नाही. ते नंतर 'वॉल्ट्झ फॉर डेबी'वर आले.