ब्राउन, ब्लू आणि इन्स्क्रिप्ट

दिवसभर मराठी टंकायला मेकॅनिकल कीबोर्डचे स्विच (प्रत्येक कळीखालचं बटण) ब्लू घ्यावेत की ब्राउन, असं तुम्ही विचारलंय. फरक फक्त आवाजाचा, असं उत्तरही कुणीतरी दिलंय. तसं नाही. चेरी कंपनीचा रेड स्विच साधारण ४५ ग्रॅम जोराने सरळ खाली जातो. ब्राउनला ५५ लागतात आणि वाटेत बोटाला बारीक उंचवटा जाणवतो. ब्लू तिथेच टिक् वाजतो. कळ ४ मिमी खाली जाते, पण अक्षर २ मिमीच्या आसपासच उमटतं. इन्स्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत हलन्त (पाय मोडायची खूण) डीच्या कळीवर, जोडाक्षर आलं की डावं मधलं बोट तिथेच. उंचवटा असला की अक्षर उमटल्याचं कळतं आणि ते बोट तळावर आपटत नाही. म्हणून माझं मत ब्राउनला.

घोडबंदर रोडला आमचं वन बीएचके. रात्री ब्लू वाजले की आई जागी व्हायची, म्हणून हॉट-स्वॅप बोर्ड घेतला. चिमट्याने स्विच उपटायचा, दुसरा बसवायचा, सोल्डरिंग नाही. स्विच उघडून ग्रीस लावणार असाल तर ब्राउनच्या स्टेमच्या (आतल्या सरकत्या दांडीच्या) पायांना लावू नका, उंचवटा बोथट होतो. स्पेसबारचा खडखडाट मात्र स्टॅबिलायझरच्या, म्हणजे लांब कळ सरळ खाली नेणाऱ्या जोडणीच्या, तारेचा. तिथे सढळ हाताने लावा. माझा आता नुसता ‘टप्’ वाजतो, फार गोड! ठाण्यात असाल तर येऊन बोटं लावून बघा.