मराठीत लिहिलेलं शोधताना, वाचताना कुठे अडता? अनुभव लिहा

माझे धाकटे काका समाजमाध्यमावरच्या आमच्या गावच्या गटात सात-आठ वर्षं नेमाने लिहीत होते. गाव भोर तालुक्यातलं. कुठली विहीर कुणी खोदली, कोणत्या शेताला काय म्हणतात, नीरेच्या खोऱ्यातल्या कोणत्या पायवाटेने बाजाराला जायचे, असं सगळं. गेल्या वर्षी काका गेले. त्या नोंदींची एक पुस्तिका करावी असं आम्हा भावंडांनी ठरवलं आणि मी शोधायला बसलो. ‘पायऱ्यांची विहीर’ टाकलं, काही नाही. ‘खोऱ्यातली’ टाकलं, काही नाही. या नोंदी मी स्वतः वाचल्या होत्या, काही ठिकाणी खाली उत्तरंही लिहिली होती. तीन रात्री बोटाने पडदा सरकवत मागे गेलो, दोन वर्षांपर्यंत पोचलो. तिथून पुढे पान उघडेना.

म्हणून हा धागा. समाजमाध्यमं मराठीत वापरताना तुम्ही नेमके कुठे अडता आणि काय बदललं तर सोपं होईल, ते लिहा. कुठल्या सेवेवर हे झालं ते लिहू नका, अडचण लिहा. थोड्याफार फरकाने सगळीकडे तीच आहे. जमेल तेवढं बारकाईने सांगा, कारण ‘नीट चालत नाही’ एवढ्यावरून दुरुस्ती करणाऱ्याला काहीच कळत नाही.

निफाड तालुका, द्राक्ष बागायतदार

आमचा बागायतदारांचा गट आहे, हजारावर माणसं. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे दोन महिने आम्ही त्याच्यावरच असतो. कुणाकडे पाऊस झाला, कुणाच्या बागेत डाऊनी (केवडा रोग) दिसला, कुणी काय फवारलं. पोंगा अवस्थेत, म्हणजे नवी फूट निघते तेव्हा, एक दिवस इकडचा तिकडे झाला तर घड हातचे जातात, म्हणून इथे वेळेला किंमत आहे.

आणि ती सेवा वेळच पाळत नाही. ज्या नोंदीला जास्त पसंती ती वर. दोन वर्षांपूर्वी पहाटे साडेपाचला उघडलं, तर सगळ्यात वर ‘आज दुपारनंतर पाऊस, फवारणी उरकून घ्या’. मजूर बोलावले, ट्रॅक्टर काढला, फवारा मारला. नंतर पाहिलं तर नोंद तीन दिवसांपूर्वीची. नावाखाली पुसट अक्षरात ‘३ दि’ लिहिलेलं होतं. औषधाचा आणि मजुरीचा खर्च गेलाच, पण नको तेव्हा एक फवारणी जास्त झाली याचं जास्त वाईट वाटलं. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश किती राहतो हे तपासलं जातं, त्यामुळे प्रत्येक फवारणीचा हिशोब ठेवावा लागतो.

मागणी साधी आहे. गटात नवीन ते वर, हेच कायमचं असू द्या. आता ते निवडता येतं, पण पुढच्या वेळी उघडलं की पुन्हा जुन्यावर जातं. आणि तारीख पूर्ण लिहा, ‘मंगळवार, १४ ऑक्टोबर’ अशी. ‘३ दि’ म्हणजे काय हे आमच्या वडिलांना कसं कळावं?

कराड, निवृत्त शिक्षिका

माझ्या पहिल्या शाळेविषयी लिहीत होते. चौथीचा वर्ग, गळकं छप्पर, पावसात मुलांना घेऊन मारुतीच्या देवळात भरवलेली शाळा. चाळीस मिनिटं लिहिलं. तेवढ्यात मुलाचा फोन आला, तो घेतला, परत आले तर पान नवीन झालेलं. लिहिलेलं सगळं गेलं. पुन्हा लिहायला बसले, पण देवळातल्या प्रसंगाची वाक्यं पहिल्यासारखी उतरली नाहीत. अजून ती नोंद अर्धीच आहे.

वाचतानाही असंच होतं. अर्धा परिच्छेद झाला की वरून काहीतरी नवं येतं आणि वाचत होते ते खाली ढकललं जातं. मग शोधत बसायचं. लिहिणाऱ्याचा मजकूर त्याने स्वतः पुसेपर्यंत जपून ठेवावा आणि वाचणाऱ्याच्या बोटाशिवाय पान हलू नये. या दोनच गोष्टी झाल्या तरी माझ्या वयाच्या पुष्कळ जणी लिहित्या होतील. फोनवर माझ्याशी तासभर बोलणाऱ्या मैत्रिणी इथे एक ओळ लिहीत नाहीत. त्यांना लिहिलेलं जाईल ही भीती असते.

पुणे, बँक कर्मचारी

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक वापरतो, म्हणजे पडद्यावरचं सगळं मला ऐकू येतं. जे मजकूर म्हणून लिहिलेलं आहे ते ऐकू येतं, असं म्हणायला हवं.

आपल्याकडे महत्त्वाची प्रत्येक गोष्ट चित्र करून टाकतात. सोसायटीत पाणी येणार नाही, चित्र. शाळेला सुट्टी, चित्र. माझ्या एका सहकाऱ्याचे वडील वारले. कार्यालयाच्या गटात निधनाची सूचना आली ती काळ्या चौकटीतलं चित्र होती. फोन मला म्हणाला, ‘चित्र’. त्याखाली सत्तावीस जणांनी जोडलेले हात पाठवले होते, ते मात्र एकेक करून वाचून दाखवले. मला वाटलं कुणीतरी देवाचा फोटो टाकला असेल. अंत्ययात्रा संध्याकाळी होती. मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते काका मला दर दिवाळीला घरी बोलवायचे.

चित्राला शब्दांत वर्णन जोडायची सोय बहुतेक सेवांमध्ये आहे, पण ती दोन-तीन पायऱ्या आत दडवलेली असते आणि ‘पर्यायी मजकूर’ अशा नावाने असते. त्यातून काय करायचं हे कुणाला कळणार? चित्र टाकतानाच समोर विचारा: ‘या चित्रात काय लिहिलं आहे?’ शिवाय यंत्राला आता छापील देवनागरी बऱ्यापैकी वाचता येते, मग टाकणाऱ्यासमोर कच्चा मजकूर भरून ठेवा, तो दुरुस्त करेल. एकाच चिन्हाची रांग असेल तर एकदा सांगा आणि आकडा सांगा. आणि प्रत्येक बटणाला नाव द्या. मला कित्येक पानांवर नुसतं ‘बटण, बटण, बटण’ ऐकू येतं.

मजकूर कोणत्या भाषेत आहे याची आतली खूणही हवी. ती नसली की कधी कधी इंग्रजी आवाज देवनागरी आली की गप्प होतो आणि मला वाटतं नोंद रिकामी आहे.

लातूर

चष्म्याचा नंबर वाढला म्हणून अक्षर मोठं केलं. आता ‘पाठवा’चं बटण पडद्याच्या बाहेर जातं आणि वरच्या वेलांट्या, रफार कापले जातात. ‘वर्ष’ आणि ‘वष’ एकसारखं दिसतं. मराठी ओळीला वर आणि खाली जास्त जागा लागते, ती ठेवा.

फोंडा, गोवा

मी मराठीत आणि कोंकणीत दोन्हींत लिहितो, दोन्ही देवनागरीत. सेवेच्या लेखी दोन्ही हिंदी. त्यातून काय होतं ते सांगतो.

एका शाळेत मुलाला मारल्याची गोष्ट कानावर आली तेव्हा मी कळवळून लिहिलं होतं: ‘शाळेत मुलांना शिक्षा नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच ती बंद केली आहे.’ दुसऱ्या दिवशी केरळमधल्या एका जुन्या मित्राचा संदेश आला, तू शिक्षणाच्या विरोधात कधीपासून गेलास? त्याने भाषांतराचं बटण दाबलं होतं. मराठीतली ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. माझं वाक्य पूर्ण उलटं होऊन त्याच्यापर्यंत पोचलं. त्याने विचारलं म्हणून कळलं, न विचारता गेलेले किती असतील?

असे शब्द थोडे नाहीत. आपली ‘चेष्टा’ थट्टा आहे, हिंदीतली प्रयत्न. आपलं ‘खाली’ म्हणजे तळाशी, त्यांचं रिकामं. लिपीवरून भाषा ओळखायला गेलं की हे होणारच. लिहिणाऱ्यालाच विचारा ना! नोंदीवर ‘भाषा: मराठी’ किंवा ‘भाषा: कोंकणी’ असं मी लावेन, एका टिचकीचं काम आहे. आणि भाषांतर चुकलं असेल तर लिहिणाऱ्याला ते बंद करता आलं पाहिजे.

टोरांटो

वरच्या गोव्याच्या दादांचं वाचून लिहावंसं वाटलं. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. मराठी छान बोलते, वाचता येत नाही. माझी आई नागपूरला असते आणि बोलते तशीच लिहिते. परवा तिने लिहिलं, ‘पोरी, आज गोळाभात केला, तुही लय आठवण आली.’ आमच्याकडे ‘तुही’ म्हणजे ‘तुझी’. भाषांतराने ‘तुही’चं ‘तूच’ केलं आणि वाक्याचा काही अर्थच राहिला नाही. मी मुलीला ते मोठ्याने वाचून दाखवलं, तर ती लगेच हसली आणि आजीला फोन लावला. तिला भाषांतर नकोच होतं. तिला आजीचे शब्द तिच्या ओळखीच्या अक्षरांत हवे होते.

तर भाषांतराच्या शेजारी लिप्यंतराचं बटण द्या. देवनागरी रोमी अक्षरांत दाखवणं भाषांतराहून कितीतरी सोपं काम आहे. उलटंही हवं: भाचेमंडळी रोमीत मराठी लिहितात ते आईला देवनागरीत दिसू दे. परदेशात वाढणाऱ्या पुष्कळ मुलांची मराठी कानापुरती आहे, ती तिथेच तुटू नये.

डोंबिवली, फराळाचा व्यवसाय

चकली, कडबोळी, अनारसे, सात वर्षांची गिऱ्हाइकं त्या एका पानावर. ज्या नंबरावर खातं होतं तो नवऱ्याचा जुना नंबर. रिचार्ज राहिला, नंबर बंद पडला, आमच्या लक्षातही आलं नाही. दसऱ्याच्या सुमारास खात्याने पुन्हा ओळख विचारली आणि ओटीपी कुणा दुसऱ्याच माणसाला जायला लागला. मदतीचं पान इंग्रजीत, उत्तरं ठरावीक. चार वेळा ओळखपत्र पाठवलं. माणूस एकदाही बोलला नाही. ती दिवाळी गेली. दोन बायका माझ्याकडे कामाला होत्या, त्यांची पण गेली.

वर्षातून दोनदा तरी विचारा की हा नंबर अजून तुमचाच आहे का. आणि तक्रार मराठीत लिहू द्या.

छत्रपती संभाजीनगर, वकिली

ताई, नंबर बंद झाला की ९० दिवसांनंतर तो दुसऱ्याला देता येतो, म्हणून हे पुष्कळांचं होतं. पण तुम्हाला दार आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे प्रत्येक समाजमाध्यमाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल ७ दिवसांत द्यावा लागतो (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत १५ दिवसांची होती). समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. या समित्या २०२३ मध्ये नेमल्या आणि अर्ज ऑनलाइनच करायचा असतो. अधिकाऱ्याचं नाव-पत्ता सेवेने आपल्या संकेतस्थळावर द्यायलाच हवा. मदतीच्या पानावर डोकं आपटण्यापेक्षा थेट त्या पत्त्यावर लिहा आणि तारीख जपून ठेवा.

आणखी एक. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर सेवेची नियमावली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, आपण निवडू त्या भाषेत, उपलब्ध करायची आहे. मराठी त्यात आहे. म्हणजे मराठी नियमावली मागताना विनवणीचा सूर लावायची गरज नाही.

पुणे, संगणक प्रणालीचं काम

धागा सुरू करणाऱ्या दादांना उत्तर देतो, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे.

तुमच्या ‘पायऱ्यांची’ या शब्दात जो ऱ्य आहे तो संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक: ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दोन: साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. आत मात्र वेगळे आकडे आहेत. काही कळफलक पहिला प्रकार उमटवतात, काही दुसरा. शोध आकड्यांची तुलना करतो, म्हणून एका प्रकाराने लिहिलेलं दुसऱ्याने सापडत नाही. ‘ॲ’चंही तसंच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना आकडे ठरवून देणाऱ्या यादीत, त्याला २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधी अ वर चंद्र देऊन लिहायचे आणि अजूनही पुष्कळ जण तसंच लिहितात. ‘ॲडव्होकेट’ शोधा, अर्धे सापडतील.

दोन तऱ्हांनी लिहिलेलं अक्षर एकच धरायचे युनिकोडचे जे प्रमाण नियम आहेत, त्यांत या जोड्या एक धरलेल्या नाहीत. म्हणजे सेवेने वेगळं कोष्टक करायला हवं. ते कोष्टक पानभराचंसुद्धा नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे वेगळेच राहिले पाहिजेत, एक गुरुजी आणि दुसरा स्वयंपाकी. पण सारखे दिसणारे दोन ‘आचाऱ्यांना’ एक झाले पाहिजेत. नुसतं जोडचिन्ह गाळून टाकलं तर गुरुजी आणि स्वयंपाकी एक होतात, म्हणून मराठी येणारा माणूस या कामात हवा.

विषयखुणांची (हॅशटॅगची) अडचणही अशीच आतली आहे. ‘किल्ला’ला खूण लावली आणि ती ‘क’वरच तुटली, असं झालं असेल तर कारण हे: अक्षर कुठे संपतं हे ठरवणाऱ्याने काना-मात्रा-वेलांटीला अक्षराचा भाग धरलेलंच नसतं.

तोवर एक उपाय. काकांची हाताशी असलेली कुठलीही एक नोंद घ्या, तिच्यातला ऱ्य असलेला शब्द टाइप न करता कॉपी करा आणि शोधाच्या चौकटीत पेस्ट करा.

धागाकर्ता

केलं. काकांच्या एका अलीकडच्या नोंदीत ‘पायऱ्यांच्या’ होतं, त्यातला ‘पायऱ्यां’ एवढाच तुकडा घेतला. एकोणीस नोंदी आल्या. सगळ्यात जुनी आठ वर्षांपूर्वीची. तिच्यात काकांनी लिहिलं आहे की पायऱ्यांच्या विहिरीच्या सातव्या पायरीवर दगडात एक पणती कोरली आहे, पाणी तिथपर्यंत उतरलं की आजी दुसऱ्या विहिरीवर जायला सांगायची. त्याखाली माझं उत्तर आहे: ‘एकदा दाखवा.’

‘खोऱ्या’, ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यां’ हे अजून करायचे आहेत. आज रात्री बसतो. तुम्ही लिहीत राहा, मी सगळं एकत्र करून सेवांच्या तक्रार अधिकाऱ्यांना मराठीतच पाठवणार आहे.